‘तिसरी शिट्टी’ची आमची प्रत

हेरपट कसा काढावा याबद्दल विद्याधर परुळेकरच्या मनात कसलीही शंका नव्हती. दिग्दर्शकानं कादंबरीला पाटावर बसवावं, तिला विचारून विचारून कॅमेरा फिरवावा आणि आपली अक्कल घरी ठेवावी. त्यानं स्वतः आजवर एकही सिनेमा काढलेला नव्हता, त्यामुळे या मतात अनुभवाची भेसळ अजिबात नव्हती.

पंच्याऐंशी सालच्या गणपतीत त्याच्या जोगेश्वरीच्या कॉलनीनं व्हिडिओ भाड्यानं आणला आणि ‘तिसरी शिट्टी’ लावला. मेजर मानकामे नावाच्या हेराच्या कादंबरीवरचा सिनेमा. विद्याधर कॉलनीच्या वाचनालयाचा चिटणीस, कादंबरी त्यानं चारदा वाचलेली. मध्यंतरानंतर तो खुर्चीतल्या खुर्चीत असा वळवळू लागला, की मागच्या सुनंदावहिनींना वाटलं, ढेकूण झालेत.

“वाट लावली पुस्तकाची,” तो शेवटी उठूनच म्हणाला. “पुस्तकात मानकामे धरणावर दोराला लोंबकळतो आणि पुढच्याच पानावर रत्नागिरीला मावशीकडे शिरा खातो. यांनी दोर तुटलेला दाखवलाय, खाली बोट दाखवलीय. शिरा कुठाय?”

“पुस्तकात शिरा नाहीच आहे,” बाजूच्या रांगेतून मृणालिनी म्हणाली.

मृणालिनी दुसऱ्या मजल्यावरची, टेलिफोन खात्यात नोकरीला. वर्सोव्याला फिरायला येतेस का, हे तिला विचारायला विद्याधर दोन वर्षं जात होता आणि दर वेळी ‘वाचनालयाची मेंबर हो ना’ एवढंच बोलून परत येत होता.

“माझ्याकडे स्वतःचं पुस्तक आहे, विद्या. सिनेमा त्याच्याबरहुकूम आहे, म्हणून तर एवढा कंटाळवाणा झालाय. जरा इकडचं तिकडे केलं असतं तर मजा आली असती.”

“लाव पैज.”

“लावली. हरलास तर सगळ्यांसमोर कबूल करायचं, की तुला पुस्तकातलं काही कळत नाही.”

“आणि जिंकलो तर रविवारी माझ्याबरोबर वर्सोव्याला यायचं.”

हे वाक्य आपल्याच तोंडून बाहेर पडलं, हे त्याला जिना चढताना कळलं. तो दोन पायऱ्या खाली आला, मग पुन्हा चढला.

निकाल लावायला शनिवारी वाचनालयात परिसंवाद ठरला. विषय: ‘हेरपटांनी मूळ कादंबरीशी इमान राखावं का?’ अध्यक्ष श्यामसुंदरकाका, निवृत्त हेडमास्तर. विद्याधरनं तयारी जय्यत केली होती. वाचनालयाच्या प्रतीवर सदतीस जणांच्या नोंदी होत्या, त्यातले एकोणतीस साक्षीदार त्यानं सतरंजीवर आणून बसवले.

“शिरा आहे,” सुनंदावहिनींनी साक्ष दिली. “बेदाणे घातलेला. आणि दोरावरून मावशीकडे कसा पोचला ते लेखकानं आपल्या कल्पनेवर सोडलंय. तीच तर त्याची ताकद.”

“आणि तो डाक्टर?” धोंडूमामा म्हणाले. “सातव्या प्रकरणात मरता, नवव्यात चाय घेऊन येता. हेर तो. मेल्याचा सोंग केल्यान. पिक्चरात मेलो तो मेलोच. ह्येका काय अर्थ आसा?”

“नायिका अर्ध्यात नाव बदलते, मालिनीची ज्यूली होते,” काका म्हणाले. “तीही हेरच असणार. सिनेमावाल्यांना तेवढी खोली झेपली नाही.”

मृणालिनीनं आपलं पुस्तक विद्याधरसमोर ठेवलं. त्यानं वाचनालयाची प्रत शेजारी उघडली. शहाण्णव पानांपर्यंत दोन्ही जुळी भावंडं. सत्त्याण्णवला तिच्या पुस्तकात दोर तुटला. त्याच्या पुस्तकात मावशीनं बेदाणे निवडायला घेतले.

तेव्हा त्याला तीन वर्षांपूर्वीचा रविवार आठवला. मानकामेची दोन पुस्तकं खिळखिळी झाली होती, ‘तिसरी शिट्टी’ आणि ‘बर्फाची चावी’. बाइंडर कशाला, मी काय मेलोय, म्हणून त्यानं खळ, दाभण आणि दोरा घेऊन घरीच बैठक मारली. कडा सारख्या करताना पानांच्या डोक्यावरची पुस्तकांची नावं छाटली गेली. तेवढ्यात आईनं पंखा लावला. घरभर उडालेली पानं त्यानं आकड्यांप्रमाणे लावली. शहाण्णवनंतर सत्त्याण्णव, हे त्यानं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. ते कोणाचं सत्त्याण्णव, एवढंच पाहायचं राहिलं.

“काय रे, गप्प का?” काका म्हणाले. “हिची आवृत्ती वेगळी असेल. देऊ का निकाल तुझ्या बाजूनं?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. वर्सोवा एका अक्षरावर आलं होतं. विद्याधरनं मृणालिनीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे, सगळं न सांगता समजल्यासारखी, बघत होती.

“आवृत्ती नाही, काका,” तो म्हणाला. “बाइंडिंग माझं आहे. पुढचं अर्धं पुस्तक दुसरंच आहे. मला पुस्तकातलं काही कळत नाही.”



“म्हणजे डाक्टर सोंग करी नव्हतो?” धोंडूमामांनी विचारलं.

“नाही, मामा. ते दोन वेगळे डॉक्टर.”

मामांनी बराच विचार केला. “नाय,” ते म्हणाले. “माका तां पटना नाय. आमचाच पुस्तक खरा.”

सुनंदावहिनींनी अनुमोदन दिलं. काकांनी ठराव लिहायला घेतला आणि एकोणतीस विरुद्ध एक मतांनी तो मंजूर झाला: ‘मूळ कादंबरी आमच्या वाचनालयाच्या प्रतीशी इमान राखत नाही, याबद्दल लेखकाकडे तीव्र नाराजी कळवावी.’ विरोधी मत विद्याधरचं. मृणालिनी मेंबर नसल्यामुळे तिला मत नव्हतं.

सगळे पांगल्यावर तो सतरंजी गुंडाळत बसला.

“रविवारी चारला निघू,” दारातून मृणालिनी म्हणाली.

“पण मी हरलो ना.”

“माझ्या पुस्तकाचा शेवट मला पाठ आहे. तुमचं आण.”

रविवारी वर्सोव्याला, वाळूवर वारा पानं उडवतो म्हणून, ते मढला जाणाऱ्या तरीच्या बोटीत बसले. तिनं पुस्तक उघडलं. विद्याधरनं दोन वर्षं पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. तिनं मान वर न करता बोट दाखवून त्याला थांबवलं. मावशीचा शिरा चालू होता. मढ आलं, सगळे उतरले.

“उतरू या?”

“थांब रे. आत्ता मेलेला डॉक्टर चहा घेऊन येतोय.”

अंधार पडेपर्यंत त्यांच्या अकरा फेऱ्या झाल्या. पुढं साखरपुड्यात कोणीतरी विचारलं, मढ कसं आहे. विद्याधर म्हणाला, लांबून बरं वाटतं.