हिरवं पाणी, कोरडा ठराव

"या पावसाळ्यात गटाराचं पाणी स्वयंपाकघरात आलं, तर मी दादाकडे राहायला जाईन!" बायकोने बजावलं, आणि गटारांची तपासणी ज्याच्याकडे होती त्या अभियंत्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

बायको बोलते ते करते, हा त्याचा अनुभव. त्यात तिच्याशिवाय त्याला स्वतःचा रुमालही सापडत नसे. गल्लीच्या गटाराला मोठी नळी मंजूर करून घेणं हा एकच उपाय होता. पण "आपली गटारं ठणठणीत आहेत," असं नगरपालिकेतले त्याचे साहेब दर वर्षी सभेत छातीठोकपणे सांगत. म्हणून सभेच्या दिवशीच सकाळी त्याने रंगाची चाचणी घेतली. गल्लीच्या तोंडाशी गटारात हिरवा रंग टाकायचा, वरून टँकर सोडायचा आणि रंग नाल्यात कधी पोचतो ते बघायचं.

तो नाल्यावर जाऊन उभा राहिला. रंग काही येईना. शेवटी त्याने फोन लावला.

"टाकलात ना, मुकादम?"

"डबाभर टाकलाय साहेब. पिंप आणू का?"

"आणा!"

पिंप रिकामं झालं, आणखी दोन टँकर झाले. नाला होता तसाच काळा. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, मोरीतून हिरवं पाणी येतंय! जाळीत हात घालून बसलेय मघापासून, जातच नाही!"

"शाब्बास!" तो आनंदाने ओरडला. पुरावा मिळाला होता. पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

सभेत तो ताठ मानेने शिरला. बघतो तर साहेब कोपरापर्यंत हिरवे. हिशेबनीस हिरवे. अध्यक्षबाईंनी वर घाम पुसलेला, त्यामुळे त्यांच्या नाकाचा शेंडाही हिरवा. ज्याने त्याने सकाळी आपापल्या मोरीत हात घातला होता, हे उघड होतं.

"साहेब, पाणी उलटं फिरतंय. सगळ्यांच्या घरात येतंय! हातच्या कांकणाला आरसा कशाला? हात बघा!"

"कुणाचे हात?" साहेबांनी हात टेबलाखाली घेत विचारलं.

बाकीचेही हात टेबलाखाली गेले.

"तुमचे दाखवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्याने दाखवले. स्वच्छ होते.

"चाचणी घेणाऱ्याच्याच हाताला रंग नाही," साहेब म्हणाले, "म्हणजे चाचणी झालेलीच नाही. यांच्या गल्लीत पाणी येत नाही, असा ठराव मांडतो. हात वर करा."

हात कुणीच वर केला नाही. ठराव माना हलवून एकमताने मंजूर झाला.

घरी बायको घोटाभर हिरव्या पाण्यात उभी राहून बॅग भरत होती.

"झाली नळी मंजूर?"

"नाही."

तिने बॅगेची चेन ओढली.

"नको ना जाऊस," तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच रडू फुटलं.

इतक्यात बेल वाजली. दारात तिचा दादा उभा होता. दोन्ही हात हिरवेगार, काखोटीला गादी, मागे बायको-मुलं.

"अगं, आमच्याकडे गुडघाभर पाणी भरलंय," तो पायरीवरूनच म्हणाला. "तुमच्या गल्लीत येत नाही, असं सभेत ठरलं म्हणे. म्हणून राहायलाच आलो."