मारुतीच्या गळ्यातला कोष

काकडे सरांचा मला राग येतो, आणि त्याला कारण लागत नाही. भिंतीपलीकडून आवाज आला तरी पुरतं. आष्टीजवळच्या आमच्या शाळेत ते पहिलीला शिकवतात, मी दुसरीला. एकदा माझा पाढा रंगात आलेला, तर पलीकडून गर्जना आली, "अंड्यानं बोलायचं न्हाई."

वर्षाच्या शेवटी ते फुलपाखराचा पाठ घेतात तो असा. सगळी पहिली अंडी होऊन जमिनीवर मुटकुळं करून पडते. त्यातली एक पोरगी खिचडीच्या सुट्टीतही उठेना. "सर म्हणले तवाच फुटायचं," म्हणाली. तिची आई भांडायला आली ती माझ्याकडे, कारण सरांपुढे उभं राहायची तिची छाती नाही. शाळेला मिळालेला फुलपाखराचा रंगीत तक्ता त्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगलाय. मी विचारलं तर माझ्यावरच खेकसले, "चित्रातली अळी काय खाऊन राह्यली मॅडम? कागद?"

अळीला रुईचा पाला लागतो, आणि दर शनिवारी मारुतीच्या माळेलाही तोच लागतो. त्यामुळे मंदिराची पूजा करणारे म्हातारे बापूमामा हे सरांचे जुने वैरी. शाळेमागच्या रुईवर मामांचा हात पडला की सर कुंपणावरून ओरडणार, "पान उलटून बघा, मंग तोडा." मामा म्हणणार, "मारुतीनं कधी तक्रार केली न्हाई, तुमचीच कटकट हाय."

यंदा त्या रुईवरच्या एका अळीवर अख्ख्या पहिलीचा जीव होता. पानाखाली तिचा हिरवा कोष झाला, तेव्हा पोरं तिथं कुजबुजत बोलायची. आणि शनिवारी पान गायब. पोरं रडायला लागली. डब्यात का नाही ठेवलं, म्हणून मी चिडले, तर सर म्हणाले, "डब्यात ठेवलं की ते डब्याचं होतं." एवढं बोलून सगळी पहिली घेऊन ते मंदिराकडे निघाले. गावाची बोलणी मलाच खावी लागणार, म्हणून मीही दुसरीला गप्प बसवून मागे गेले.

पान मारुतीच्या छातीवर होतं, खाली कोष शाबूत. सरांनी हात घातला तसा मामांनी तो धरला. "देवाच्या अंगावरचं तोडायचं न्हाई."

"मंग झाडावरचं कशाला तोडलं?"

दोघं असे भांडले की पारावरची माणसं पत्ते ठेवून बघायला आली. शेवटी मामाच ओरडले, "ऱ्हाऊ द्या तिथंच. म्या माळच काढत न्हाई."

पुढच्या शनिवारी नवी माळ मारुतीच्या गदेवर चढली. छातीवर तेल घालणाऱ्याला मामा सरांच्याच आवाजात झापायला लागले. गावात एक काकडे सर होते तेच जास्त होते, आता दोन झाले.

मग एका सकाळी मामा शाळेत धापा टाकत आले. "काळं पडलं. आत पंख दिसून राह्यले. जल्दी चला." दोन्ही वर्ग पळाले. कोष फाटला, चुरगळलेले नारिंगी पंख बाहेर आले आणि शेंदरावर वाळत बसले. मी सरांना शोधलं तर ते तिथं नव्हतेच. मंदिरामागे कुणाच्या तरी शेळीला रागावत उभे होते.

माझं डोकंच फिरलं. "एवढं रामायण केलंत, आणि बघायला नको?"

ते शेळीकडेच बघत राहिले. "ते उडालं की पहिली संपली, मॅडम. मंग पोरं तुमची. रस्त्यात दिसली की नमस्ते सर म्हणतात अन् पळतात."

असल्या माणसाचं करायचं काय? माझा राग ओसरायला लागला, आणि त्याचाही मला रागच आला. आत जाऊन मी माझ्या दुसरीवर ओरडले, "इथं काय उभे? जा, सरांना सांगा काय झालं ते."

पोरं अनवाणीच धावली आणि सरांना घेरून सगळी एकदम बोलायला लागली. "चपला कुठं हायेत?" सर खेकसले. मग तिथंच मातीत मांडी घालून बसले. "एकेकानं बोला. आधी काय झालं, बराबर सांगा."

पोरं सांगत होती. आणि जन्मभर तोच पाठ शिकवत आलेला हा माणूस दर वाक्याला विचारत होता, "मंग?"