काचेवरचा माल

देपालपूरची संध्याकाळची बस स्टँडात शिरली की हमाल टपाकडे धावायचे, न्यायला आलेले लोक दाराकडे धावायचे आणि वानखेडेजी बसच्या तोंडाला जाऊन भिडायचे. एक पाय बंपरवर टाकायचा, खिशातून घडीचं भिंग काढायचं आणि समोरच्या काचेवर आपटून मेलेले किडे बघत राहायचे. ड्रायव्हर मांगीलाल भरलेली बादली घेऊन बाजूला उभा. पण काचेवर पाणी मारायची त्याची काय बिशाद! कुणी घाई केलीच तर तोच अंगावर जायचा, "रुको भिया, साहब पेले माल देखेंगे."

माल बघून झाला की वानखेडेजी खाली उतरायचे, पँटची इस्त्री सरळ करायचे आणि निकाल द्यायचे.

"चिंदी."

मग मांगीलाल त्या जवळपास कोऱ्या काचेवर बादली उपडी करायचा आणि वानखेडेजी माझ्या खिडकीशी येऊन चहा मागायचे. हा तमाशा रोजचा. पहिले काही दिवस लोक जमायचे. मग इंदूरच्या लोकांना त्याचीही सवय झाली. इथे माणूस सरळ चालत असला तरच मागे वळून बघतात.

मी कानडे. पूर्वी मिलच्या टाइम ऑफिसात होतो, आता बुकिंगच्या जाळीमागे बसून तिकिटं फाडतो. मिल बंद झाली तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं की देश आता मोकळा होतोय, संधीच संधी आहेत. ही जाळी म्हणजे माझ्या वाट्याला आलेली संधी. हवा चांगली येते, एवढं म्हणायला हरकत नाही.

वानखेडेजी त्याच मिलमध्ये फोल्डिंग खात्यात चेकर होते. तयार कापड उजेडासमोरून सरकत जायचं आणि हे डोळ्यांत तेल घालून बघायचे. अख्ख्या ताग्याला थान म्हणायचे; निर्दोष थान म्हणजे फ्रेश, डाग असला की सेकंड, आणि अगदीच गेलेला माल म्हणजे चिंदी. वडील महूच्या छावणीत हवालदार होते, त्यामुळे दयामाया हा प्रकार घरातच नव्हता. सख्खा भाऊ नामदेव साच्यावर, म्हणजे मागावर, होता. त्याचं एक थान यांनी सगळ्यांसमोर सेकंडला टाकलं आणि नामदेवचा पगार कापला गेला. त्याच संध्याकाळी हे त्याच्याकडे जेवायला गेले! भावजयीनं ताटात नुसती कोरडी पोळी टाकली. वानखेडेजींनी ती शेवटपर्यंत खाल्ली आणि म्हणाले, "पोळी फ्रेश आहे." नामदेव पुढे बरीच वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. बोलेल कसा?

तर असा माणूस किड्यांच्या नादी कसा लागला? खरं तर मिलमध्ये किडे म्हणजे त्यांचे सात जन्मांचे वैरी. दिवे लागले की शेडमध्ये किड्यांची झुंबड उडायची. एखादा सुतात अडकला की सुतासकट विणलाच जायचा आणि थानावर हिरवट, तेलकट डाग पडायचा. वानखेडेजी एकेका डागाला शिव्यांची लाखोली वाहायचे. मग शेवटच्या वर्षांत ते डाग कमी कमी होत गेले. मॅनेजरनं शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला, यांनी खात्यात पेढे वाटले. सगळ्यांना वाटलं, शिस्तीचं फळ. त्यानंतर थोड्याच दिवसांत मिलला टाळं लागलं.

"कानडे," ते एकदा चहा फुंकत म्हणाले, "आधी किडे यायचे बंद झाले, तेव्हा आपण पेढे वाटले. मग आपण यायचे बंद झालो. तेव्हा पेढे कुणी वाटले असतील रे?"

"मॅनेजरनं," मी म्हणालो.

"शाल तरी परत करायला पाहिजे होती मी," ते म्हणाले. चहा तसाच ठेवून गेले.

वानखेडेजींचा मुलगा संजू. बापाची नोकरी गेली तेव्हा तो कॉलेजात होता. कॉलेज सोडून तो देपालपूरला गेला आणि तिथे त्यानं शेतीच्या औषधांचं दुकान टाकलं. आपल्याकडे विषाला औषध म्हणायची पद्धत आहे, जशी आम्हाला हाकलून देण्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणायची. दुकान चाललं. सोयाबीननं सगळा माळवा हिरवा केला होता आणि त्या हिरव्यात संजूच्या बाटल्या रिकाम्या होत होत्या. वानखेडेजींच्या घरची चूल त्यावरच पेटायची आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुरुवातीला ते दर आठवड्याला दुकानात मदतीला जायचे. बसमध्ये जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या शेजारची. त्या जागेवरूनच त्यांना ते दिसलं. आधी हंगामात मांगीलालला वाटेतल्या हँडपंपाशी गाडी थांबवून काच धुवावी लागायची, नाहीतर रस्ताच दिसायचा नाही. मग थांबायची गरज उरली नाही. मांगीलाल खूश, सवाऱ्या खूश. वानखेडेजी मात्र त्या कोऱ्या काचेकडेच बघत राहिले. डाग कमी होत जाणं म्हणजे काय, हे त्यांनी एकदा भोगलं होतं.

मी पुष्कळ वाद घातला. म्हटलं, हल्लीच्या गाड्यांच्या काचा तिरक्या असतात, किडा वरून निघून जातो. तर म्हणाले, "म्हणूनच मांगीलालची जुनी गाडी बघतो. तीच गाडी, तोच रस्ता, तीच वेळ. थान बदललं तर तुलना कशाची करणार?" एकदा ते शेतीच्या कुठल्याशा ऑफिसातही जाऊन आले. किडे कमी झालेत हे ऐकून तिथल्या साहेबांचा चेहरा खुलला. "अरे वा! तुमच्या तोंडात साखर पडो," म्हणाले आणि यांच्यासाठी चहा मागवला. तो चहाही यांनी सेकंडला टाकला म्हणे.

मग एक दिवस संजूच्या दुकानात ठिणगी पडली. वानखेडेजी गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "शेतात मारायचं ते मारा, पण मेढ तेवढी सोडा. बांधावरचं गवत राहू द्या, झुडपं राहू द्या. बिचाऱ्यांना बसायला कुठे जागा राहील." गिऱ्हाईक हसलं आणि समोरच्या दुकानात गेलं. संजूनं हात जोडले. "बाबा, मेढ सोडा म्हटलं तर लोक मलाच सोडतात. तुमची मिल गेली, आता हे पण घालवता काय?"

पोरगं बोललं ते खरंच होतं, आणि म्हणूनच ते झोंबलं. वानखेडेजी भरल्या दुकानात गरजले, "ज्या दिवशी देपालपूरच्या गाडीची काच फ्रेश येईल, त्या दिवशी तुझ्या घरात पाय ठेवीन. तोवर नाही."

रागात माणूस काहीही बोलतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. पण हा माणूस हवालदाराचा मुलगा. बोलले ते बोलले. त्या दिवसापासून ते स्टँडवर यायला लागले. मिलमध्ये बिनडागाचं थान फ्रेश असायचं, इथे हिशोब उलटा. काच जितकी घाण तितका माल चांगला. आणि काच तर दिवसेंदिवस लखलखीत होत चाललेली.

त्यातच संजूला मुलगी झाली. सून माहेराहून बाळाला घेऊन देपालपूरला आली तशी वानखेडेवहिनींनी पिशवी भरली. "मला नातीचं तोंड बघायचंय. तुमची काच तुम्ही बघा," म्हणाल्या आणि माझ्याच खिडकीवरून तिकीट घेऊन गेल्या, त्या तिकडेच राहिल्या. वानखेडेजी स्टँडवर पोहे खाऊन दिवस काढायला लागले. पँटची इस्त्री मात्र मोडली नाही.

मांगीलाल रोज बातमी आणायचा. "साब, बिटिया बैठने लगी."

वानखेडेजी भिंगावरचा डोळा न हलवता म्हणायचे, "बसू दे." आणि दुसऱ्या दिवशी काच बघायच्या आधी विचारायचे, "अजून बसते ना?"

मी चिडायचो. म्हणायचो, "वानखेडेजी, तुम्ही काय ऋषी लागून गेलात? शब्द गिळा आणि जा. नात काय तुमच्या काचेसाठी थांबणार आहे? उद्या चालायला लागेल."

"जाईन की. काच फ्रेश आली की लगेच."

"ती येणार नाही, हे तुम्हालाही कळतंय."

त्यांनी भिंगाची घडी घातली. मग म्हणाले, "कानडे, खोटा माल पास करायचा असता तर नामदेवचाच केला असता. त्याची लेकरं लहान होती तेव्हा. आता स्वतःच्या नातीसाठी करू? त्याला काय तोंड दाखवू?"

मी पुढच्या माणसाचं तिकीट फाडलं.

आणि मग एका संध्याकाळी बस स्टँडात शिरली ती लोकांच्या हसण्यातच. मी जाळीतून बघितलं आणि उठून बाहेरच आलो. रांग ओरडत राहिली. अख्खी काच किड्यांनी भरलेली! या टोकापासून त्या टोकापर्यंत टोळ, पतंग, भुंगे, चतुर, माश्या. मांगीलालच्या समोर ताटाएवढी जागा तेवढी मोकळी होती, रस्ता दिसण्यापुरती. मी काही चेकर नव्हे, पण मलासुद्धा उन्हात चमकणारा गोंद दिसला. भुंग्यांची तर चक्क ओळ लावलेली होती, एकाखाली एक.

मांगीलाल खाली उतरला आणि स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला. मी दात-ओठ खात म्हटलं, "ही काय मस्करी आहे, भिया? म्हाताऱ्या माणसाची?"

"मैंने नी किया, बाबूजी," तो हळूच म्हणाला. "संजू भिया दो दिन से लगे थे. बोले, बाबा को ले आना."

वानखेडेजी नेहमीसारखे बंपरवर चढले. भिंग काढलं. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि इंच इंच सरकत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेले. इतका वेळ त्यांनी कधीच लावला नव्हता. आता हे उतरणार, 'चिंदी' म्हणणार आणि संपलं सगळं. संजू पुन्हा काही करायचा नाही. कोण करेल?

ते उतरले. पँट झटकली. घसा खाकरला.

"फ्रेश," म्हणाले.

कुणी हसलं नाही. मांगीलालनं बादली उचलली, तर त्यांनी हात करून त्याला थांबवलं. पुन्हा वर चढले, नखानं अलगद काचेवरून काहीतरी सोडवलं, रुमालात गुंडाळलं आणि वरच्या खिशात ठेवलं. मग मांगीलालला म्हणाले, "धू आता." पाणी पडलं तेव्हा त्यांनी तिकडे पाठ केली होती.

"कानडे, देपालपूरचं एक दे."

मी आत जाऊन तिकीट फाडलं. ते जाऊन ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसले. मी खिडकीखाली उभा राहिलो. म्हटलं, "बरं केलंत."

"काय बरं केलं?" ते खेकसले. "पाय बघितलेस का त्यांचे? सगळ्यांचे पोटाशी मिटलेले. गाडीवर आपटलेला किडा फुटतो, असा नीट मरत नाही. संजूच्याच बाटलीनं मेलेत सगळे. बांधावरून वेचून आणलेत गाढवानं." मग थोड्या वेळानं, खालच्या आवाजात म्हणाले, "एकेक चिकटवलाय रे. एवढी मेहनत पोरानं शाळेत केली असती तर!"

डोळे पुसायला त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि आत काय आहे ते आठवून तसाच मांडीवर ठेवला. घडी उलगडून मला दाखवलं. सोनकिडा होता. हिरवागार, पाठीवर सोन्याची झाक, पंखसुद्धा न मोडलेला. लहानपणी आम्ही काड्यापेटीत पाळायचो, तो. माझी मुलं लहान होती तेव्हाही मला तो कुठे दिसला नव्हता.

"मला वाटलं होतं, संपले," वानखेडेजी म्हणाले. "पण होता रे. परवा फवारणी झाली तोपर्यंत होता."

मांगीलालनं गाडी सुरू केली. मी ओरडून विचारलं, "नातीला नेताय?"

"दाखवीन," ते रुमालाच्या घड्या घालत म्हणाले. "लांबूनच. हातात नाही देणार. ती हातातलं सगळं तोंडात घालते म्हणे."