परबकाकांच्या आतला दुसरा माणूस

दर गुरुवारी दुपारी चार वाजता परबकाका आपल्यातला वाईट माणूस बाहेर सोडत आणि शुक्रवारी संध्याकाळची बांग झाली की त्याला परत आत घेत. लपवाछपवी अजिबात नव्हती. जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये ते स्टोअरकीपर होते, त्यामुळे त्या माणसाचं त्यांनी रीतसर कार्डच ठेवलं होतं. 'नग एक. दिला गुरुवारी. परत शुक्रवारी. स्थिती तशीच.'

१९८० च्या सुमारास आखातातल्या मनामात, जिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते, आम्ही चौघे एका खोलीत राहायचो. मी साताऱ्याचा, त्याच वर्कशॉपच्या ऑफिसात टायपिस्ट. काका वेंगुर्ल्याकडचे, पन्नाशीचे. शेजारच्या जुफैरहून मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअरने त्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबऱ्यांचं खोकं दिलं आणि घात झाला. त्या कादंबऱ्यांत म्हणे लंडनच्या धुक्यात एकेका सभ्य गृहस्थाच्या पोटातून एकेक सैतान निघतो. दिवसा चर्चला देणगी द्यायची, अंधार पडला की कुणाचा तरी गळा दाबायचा. काकांना हे तंतोतंत पटलं. फक्त लंडनवाल्यांचा कारभार त्यांना ढिसाळ वाटे.

"वेळ नाय, नोंद नाय. कोण कधी भायर पडता तेचो पत्तो नाय. मगे खून पडतले नायतर काय?"

काकांच्या सैतानाची मात्र कीव यायची. तो दाराबाहेरच्या चपलांच्या जोड्या बदलून ठेवायचा. पंखा चालू ठेवून फिरायला जायचा. एका शुक्रवारी तो खाली कुट्टीच्या किराणा दुकानात गेला, सगळे पाव दाबून बघितले आणि काही न घेता निघून आला. शनिवारी काका स्वतः तिथे हजर.

"कल तुमही आया था ना?" कुट्टीने विचारलं.

"वो मैं नहीं था. लेकिन उसके तरफ से सॉरी."

"खलास, खलास," म्हणत कुट्टीने हात जोडले. आम्ही हे आठवडाभर एकमेकांना सांगून हसत होतो.

मग वेंगुर्ल्याहून काकांच्या मुलीचं, शालनचं, पत्र आलं. ते लग्नाचंच असणार हे रजेवरून आलेल्या एका गाववाल्याने आधीच सांगितलं होतं. काकांनी पाकीट पंधरा दिवस फोडलं नाही. रजा टाका म्हटलं, तर म्हणाले, "हेका घेवन कसो जावू? घराकडे तो आत रवाचो नाय."

मी वैतागलो. "काका, पाव दाबणाऱ्या माणसाला घाबरून पोरीच्या लग्नाला जाणार नाही?"

त्यावर त्यांनी जे होतं ते सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीच्या रजेत जेवणावरून भांडण झालं आणि त्यांनी बायकोच्या तोंडात मारली. दहा वर्षांची शालन दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाबा, तुमी परत कधी जातलास?" काकांनी रजा अर्ध्यावर सोडून विमान धरलं. त्यानंतर ते घरी गेलेच नाहीत.

"तो हात माझो नाय," ते म्हणाले आणि उजवा हात मांडीखाली दडवून बसले. इतके दिवस हसलो त्याची मला लाज वाटली.

पाकीट मीच फोडलं आणि मोठ्याने वाचलं. 'ती. बाबांस. मुलगा बँकेत आहे. कन्यादान मामांनी करावं असं सगळे म्हणतात. मी नको म्हटलं. आईही माझ्याच बाजूने आहे. तुम्ही या. मी आता घाबरत नाही.'

"तिना कोणाक बोलवल्यान हा?" काकांनी विचारलं. "दोघांतल्या कोणाक?"

मी कागद उलटूनही पाहिला. मागे काही नव्हतं. "एकाच माणसाला बोलावणं आहे, काका."

शेवटची ओळ त्यांनी मला परत वाचायला लावली, आणि मग आणखी एकदा.

"ती घाबरणा नाय," ते म्हणाले. "पण मी घाबरतंय रे."

मी कोरा कागद ओढला आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला.

"किती दिवसांची टाकू?"

काकांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

"तां शालू ठरवतली," ते म्हणाले.