सोन्याचे नऊ दात

सार्जंट पिनॉकला दुपारच्या आत सोन्याचे आठ दात हवे होते. नववा कोठडीत होता, सुतार लॅसेलच्या तोंडात.

मिस आयव्हीची शेळी तिन्हीसांजेला चोरीला गेली. टोपीखाली चोराचा चेहरा दिसला नाही, दात तेवढा चमकला. जमैकाच्या डोंगरातल्या त्या गावात सोन्याचा दात एकट्या लॅसेलचा, म्हणून लॅसेल आत. आणि उद्या त्याच्या लेकीचं लग्न.

ओळखपरेडीत नऊही जण सारखे दिसले पाहिजेत, हा नियम. मागच्या खेपेला आठ गुळगुळीत हनुवट्यांत एकच दाढीवाला उभा केला, म्हणून मॅजिस्ट्रेटने पिनॉकची भर कोर्टात हजामत केली होती. तेव्हापासून तो ताकही फुंकून पीत होता. त्याने चॉकलेटचे सोनेरी कागद आणले आणि डॉमिनोच्या सोंगट्या खेळायच्या अड्ड्यावरून आठ जण पॅटिसचं आमिष दाखवून उचलून आणले.

"समोरच्या दाताला चिकटवा. उजवीकडच्या."

"मला पॅटिस नाही?" लॅसेलने विचारलं.

"तू आरोपी आहेस."

"सगळ्यांना सारखं वागवायचं म्हणता ना?"

पिनॉकने नियमांचं पुस्तक चाळलं. पॅटिसबद्दल त्यात काही नव्हतं.

सात जणांना आरसा लागला, एकाने तर कागद गिळला, त्याला दुसरा द्यावा लागला. आठव्याने, न्हावी ऑस्बर्नने, मात्र गप्पा मारता मारता, न बघता चिकटवला.

हेडमास्तर साक्षीला बसले. मिस आयव्ही आत आली आणि हुकूम होताच नऊ जण हसले.

"अगं बाई, गावात एवढी श्रीमंती कधी आली?"

"नीट बघा, मिस आयव्ही. घाई नाही."

ती दोनदा फिरली. लॅसेलपाशी थांबली तेव्हा त्याचं हसू थरथरलं. उद्या चर्चमध्ये लेकीला हात धरून कोण नेणार, एवढंच त्याच्या मनात होतं. मग ती ऑस्बर्नपुढे जाऊन उभी राहिली.

"हा. चोराचा दात डावीकडं होता."

आठ दात उजवीकडे चमकत होते. ऑस्बर्नचा मात्र, चोरीच्या वेळी चिकटवला होता तसाच, सवयीने डावीकडे गेला होता.

"हे आधी का नाही सांगितलं?" पिनॉकने विचारलं.

"गावात एकच सोन्याचा दात म्हटल्यावर डावा-उजवा कोण बघतंय? तुम्ही दुकान मांडलंत तेव्हा फरक कळला." ती ऑस्बर्नकडे वळली. "माझी शेळी कुठंय रे, मेल्या?"

"दुकानामागं. चारा घातलाय," ऑस्बर्न बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. पण लगेच सावरला. "साहेब, ही परेड माझी नव्हतीच. मी पॅटिस खायला आलेलो. मला माझी वेगळी परेड पाहिजे, नियमाप्रमाणं."

"मुद्दा बरोबर आहे," हेडमास्तर म्हणाले.

पिनॉकने कपाळाला हात लावला. आता रांगेत एक माणूस कमी पडत होता, आणि लॅसेल दारापर्यंत पोचला होता.

"लॅसेल, थांबतोस का जरा? उजव्या दातावर पट्टी लावू, डाव्याला कागद."

लग्नाच्या कोटाला अजून इस्त्री व्हायची होती. तरी लॅसेल परत फिरला आणि त्याने हात पुढे केला.

"आधी पॅटिस," तो म्हणाला.