डावीकडून तिसरी

बस सुटायच्या वेळी विभागप्रमुख क्वांग साहेब स्वतः कॉलेजच्या फाटकापाशी आले, तेव्हाच पांग सरांनी काय ते ओळखलं. साहेब निरोप द्यायला कधी येत नाहीत, बजावायला येतात.

"बाईयानला जाताय? छान. कालवे बघा, पूल बघा, अभ्यास करा," साहेब म्हणाले. "पण बारापर्यंत बॅनरसकट सगळ्यांचा फोटो मला हवा. वरचे लोक बघतात. चोवीस मुलं म्हणजे चोवीस डोकी. एक जरी कमी दिसलं, तर तुम्हाला कायम करायचा विषय पुढच्या वर्षी बघू."

हे 'पुढच्या वर्षी' पांग सर नोकरीला लागल्यापासून दर वर्षी ऐकत होते.

"आणि माझी मुलगी बघा!" साहेबांना जाता जाता आठवलं. "प्रवेश परीक्षेचं वर्ष. आज रविवार, तरी उजाडायच्या आत क्लासला गेली. नाहीतर ही तुमची कार्टी! सहल म्हटलं की उड्या!"

"संस्कार असतात सर एकेकाचे," पांग सर म्हणाले. कायम व्हायचं असलं की माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

बाईयानला पोचल्यावर सरांनी गळ्यात कर्णा अडकवला आणि जुन्या दगडी पुलाच्या कमानीवर बोलायला सुरुवात केली. दगड कुठून आणले, चुना कसा मळला, सगळं. बरंच बोलून झाल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं, तर बॅनरची गुंडाळी काखेत मारून एकटी वर्गप्रतिनिधी दोउ मिन उभी होती.

"बाकीचे कुठे गेले?"

"तयार व्हायला, सर."

"कशासाठी तयार?"

"पूल बघायला."

बरोबरच आहे. बाईयानला येऊन स्वतःच्या कपड्यांत पूल बघण्याइतकं अडाणी आता कोण राहिलंय? इथे घरटी एक दुकान आहे आणि प्रत्येक दुकानात जुन्या काळच्या राजकन्या भाड्यानं तयार करून मिळतात. पायघोळ गुलाबी झगा, डोक्यावर अंबाडा, कपाळावर रंगवलेलं फूल, हातात गोल पंखा. आत जाताना कोणी जाडी असो, कोणी काटकुळी, बाहेर येते ती एकच. मुलगे योद्धे होतात. तलवार पुठ्ठ्याची आणि झग्याखालून खेळायचे बूट दिसत असतात.

बारा वाजत आले तसे एकेक राजकन्या आणि योद्धे परतले. सरांनी डोकी मोजली. दोउ मिनला धरून तेवीस.

"सर, मियाओ रुओयुन नाहीये," दोउ मिन म्हणाली. "तिच्या कपाळावरचं फूल वाकडं आलं. पुसून परत काढतायत. मग केस. अजून तासभर तरी."

"तासभर? फूल काढतायत की बाग लावतायत?"

सरांनी हताश होऊन पुलाकडे पाहिलं. अख्खा पूल गुलाबी झाला होता. आणि कठड्याशी एक राजकन्या एकटीच उभी राहून, पंखा बगलेत धरून, ते भयंकर वासाचं तळलेलं टोफू मिटक्या मारत खात होती.

"ए बाळ, जरा येतेस का? फोटो काढायचाय."

"तुमचा काढू, काका?"

"काढायचा नाही, फोटोत उभं राहायचं. आमची एक मुलगी कमी पडतेय."

"अगंबाई! बुडाली?"

"शुभ बोल गं! नटायला बसलीय."

मुलगी घुटमळली. "पण फोटो जाणार कुणाला? त्याचं काय आहे काका, घरच्यांच्या मते मी आत्ता इथे नाहीये."

"आमच्या साहेबांना जाणार. ते तोंडं बघत नाहीत, नुसती डोकी मोजतात. आणि इतकं थापलंयस तोंडाला, सख्खी आईसुद्धा ओळखणार नाही!"

हे तिला पटलं. ओठ पुसून ती येऊन उभी राहिली, डावीकडून तिसरी. बॅनर सगळ्यांच्या पुढ्यात धरला होता. त्यावरचं कॉलेजचं नाव जगाला दिसत होतं, तिला तेवढी लाल पाठ दिसली. एका नावाड्याच्या हाती फोन दिला, फोटोत हसू यावं म्हणून सगळे तिकडच्या रीतीप्रमाणे "वांगंऽऽ" ओरडले आणि फोटो गेला. मुलगीही पंखा हलवत गर्दीत गेली. सरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"पांग, फोटो उत्तम. मोजले, चोवीस आहेत. ती डावीकडून तिसरी कोण हो?"

"ती मियाओ रुओयुन, सर!" सर न अडखळता म्हणाले. "फार अभ्यासू. बापाला अभिमान वाटावा अशी पोर."

"पहाटेपासून वाटतोय," साहेब म्हणाले. "माझी मुलगी आहे ती. जन्मल्यापासून फोटोत मान वाकडी करते. संध्याकाळी मी बसपाशी येतोय. तिला माझ्या हवाली करा, मग तुमच्या नोकरीचं बोलू."

तिचं नाव काय, हे विचारायची सरांची छाती झाली नाही. त्यांनी पायरीवर बसून दोउ मिनला सगळं सांगितलं.

"सर, कशी दिसतेय मी?" समोर मियाओ रुओयुन उभी होती. तोच गुलाबी झगा, तोच अंबाडा, तोच पंखा आणि कपाळावर अगदी सरळ फूल.

दोउ मिनचे डोळे चमकले. "सर! संध्याकाळी हिलाच पुढे करू ना! कोण ओळखतंय?"

सरांनी फोनमधला फोटो मोठा केला. डावीकडून तिसरी, मान वाकडी, हसू ओठांत न मावणारं. बिचारीचा वर्षातला एक रविवार आपणच घालवला, असं त्यांना मनापासून वाईट वाटलं. नोकरीचं तर त्याहून वाटलं.

"बाप ओळखतो गं," ते म्हणाले, आणि पुलावर चढून, कर्णा तोंडाला लावून जिवाच्या आकांतानं ओरडले, "पोरी, असशील तिथून ये! तुझ्या बाबांना सगळं कळलंय!"

पुलावरच्या एकूण एक राजकन्येनं पंखा तोंडावर घेतला. मियाओ रुओयुननंसुद्धा.