मध न खाल्लेलं अस्वल

एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडे, एक अस्वल राहायचं. ते अस्वल म्हणजे मीच. दुसऱ्याची गोष्ट सांगायला शिकलेलं असावं लागतं, बाळांनो. स्वतःची सांगायला माझ्यासारखा अडाणीही चालतो.

माझं काम सोपं होतं. सकाळी पिल्लांना पाठीवर घ्यायचं आणि ओढा ओलांडायचा. पलीकडे गवत चांगलं. हरणांची पाडसं, डुकरांची पिल्लं, कधी एखादं सशाचं पोर. सगळी माझे केस मुठीत धरल्यासारखी धरून बसायची. दुखायचं. पण मी काही बोलायचो नाही, कारण दुसरं कुठलं काम मला येत नव्हतं.

एके सकाळी वाघमहाराजांचं मधाचं पोळं रिकामं सापडलं. महाराजांना खोकला होता, त्यांच्या औषधासाठी ते राखून ठेवलेलं. घुबडानं साक्ष दिली, "रात्री काहीतरी काळं दिसलं." रात्री सगळंच काळं दिसतं, हे मला सुचलं, पण पुढच्या उन्हाळ्यात. माझं डोकं असं उशिरा चालतं.

न्यायाला गवा बसला होता. त्यानं विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

"साहेब, मी जन्मात मध चाखला नाही. मला मधमाश्यांची भीती वाटते."

सगळे हसले. अस्वल आणि मधमाश्यांना भितंय. गवासाहेबसुद्धा हसले. मला वाटलं, मंडळी खूश झाली, आता सोडतील. म्हणून मीही हसलो.

"आरोपी निर्ढावलेला आहे," गवासाहेब म्हणाले.

मला एका कपारीत घातलं आणि तोंडाशी धोंड लावली. आत म्हातारा झालो. वेळ भरपूर होता, त्यामुळे ते काम नीट झालं.

मग एकदा वाघमहाराज झोपेत चालताना दरबाऱ्यांना दिसले. मिशा मधानं बरबटलेल्या. आपलं पोळं महाराज आपणच झोपेत फस्त करत होते. आता हे जाहीर कसं करणार? राजाला अब्रू असते. कारभारी कोल्हा आला, धोंड सरकवली आणि म्हणाला, "जा. निर्दोष आहेस. पण का ते कुणाला सांगायचं नाही."

घरी आलो आणि दाराशी बसून राहिलो. वरच्या फांदीवरून शेजारचं वानर म्हणालं, "अस्वलदादा, आत का जात नाहीस?"

"अजून कुणी जा म्हटलं नाही."

"अरे, घर तुझं आहे."

"ते खरं. पण कुणीतरी म्हटलं की बरं वाटतं."

तेव्हापासून ते बिचारं रोज संध्याकाळी वरून ओरडायचं, "जा रे आत." मग मी जायचो.

सकाळी ओढ्यावर गेलो आणि पाठ वाकवून उभा राहिलो. आया पिल्लांना घेऊन टेकडीच्या वळशानं निघाल्या होत्या. त्यांच्यातली चितळीणवहिनी तेवढी थांबली. बोलायला फार गोड.

"दादा, आमच्या मनात काही नाही हो. पण लेकरांचा प्रश्न आहे."

"मी निर्दोष आहे, वहिनी."

"असालच. सुटलात म्हणजे असालच. पण का सुटलात?"

"ते सांगायला बंदी आहे."

"बघा," वहिनी बाकीच्या आयांकडे वळून म्हणाली. त्यांनी बघितलं आणि वळशानं गेल्या.

मी दुपारपर्यंत तसाच वाकून उभा राहिलो. पाठीवर एक बेडूक येऊन बसला. पण त्याला पलीकडे जायचं नव्हतं.

वाळूच्या पट्ट्यावर बगळेसरांनी सुधार केंद्र काढलं होतं. कैदेतून सुटलेल्यांना पुन्हा समाजात बसवून देत. मी गेलो.

"गुन्हा कोणता?" सरांनी एका पायावर उभं राहून विचारलं.

"काही नाही."

"मग इथं कशाला आलात? इथं पश्चात्ताप शिकवतात. तुम्ही कशाचा करणार?"

"निर्दोषांसाठी एखादा वर्ग..."

"त्याला मागणी नाही हो."

तेवढ्यात आत लांडग्याचा सत्कार सुरू झाला. यानं चितळीणवहिनीचा दीर खाल्ला होता. पण आता तो रडला फार सुंदर. वहिनीनं स्वतः त्याला पळसाच्या फुलांचा हार घातला. "चुकतं एखाद्याचं," म्हणाली. त्याला पिल्लांच्या शाळेवर राखणदार नेमलं.

मी घरी येऊन विचार करत बसलो. पळस झडून गेला, तेव्हा कुठे माझा विचार संपला.

सकाळी ओढ्यावर गेलो. म्हणालो, "वहिनी, मध मीच खाल्ला."

वहिनीनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "दादा, हे ऐकायला किती वाट पाहिली आम्ही."

"चुकलो."

"एवढंच ना? मधच ना? कुणाला मारलं तर नाही." बाकीच्या आयाही जवळ आल्या. कबूल करायला केवढं मन लागतं, असं एकमेकींना सांगू लागल्या. सगळ्यांनी मला माफ केलं. मी रडलो. त्यांना तो पश्चात्ताप वाटला. खरं तर वहिनीचं पाडस पाठीवर चढलं होतं आणि त्यानं माझे केस जुन्याच जागी ओढले होते. पूर्वीसारखंच दुखलं.

पाणी पोटाला लागलं तेव्हा पाडसानं विचारलं, "आजोबा, मध कसा लागतो हो?"

मी मधेच थांबलो. काठावर आयांचे कान टवकारलेले.

"आंबट," मी म्हणालो.

पाडसानं केस आणखी घट्ट धरले. "मग चोरलात कशाला?"

"म्हणून तर पस्तावलो," मी म्हणालो आणि पाय उचलला.

तात्पर्य: निर्दोष असायला हरकत नाही, बाळांनो, पण एखादा लहानसा गुन्हा हाताशी ठेवावा. लोकांचं मन मोठं असतं. त्यांना माफ करायला काहीतरी लागतं.